पाहुण्यांचा लसावि

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात साताऱ्यात घर असणाऱ्या माणसाला घर नसतं. कासच्या पठारावर फुलं उमलायला लागली की पुण्या-मुंबईचे नातेवाईकही उमलतात. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या निवडक जागा जागतिक वारशाच्या यादीत घातल्या, त्यात कास होतं. ती यादी मी वाचलेली नाही, पण तिच्या तळाशी बारीक अक्षरांत आमच्या बैठकीच्या खोलीचाही उल्लेख असावा, असा मला दाट संशय आहे. पठार आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटर. पाहुणे पहाटे जातात, धुकं बघतात, दुपारी चिंब भिजून परत येतात आणि "आज काही दिसलंच नाही हो, उद्या परत जाऊ," असं म्हणत कोरडा टॉवेल मागतात.

या मंडळींना घालवायचं कसं? नळाला पाणी नाही असं सांगून पाहिलं. त्यांनी परस्पर टँकर मागवला आणि बिल माझ्या हातात दिलं. बायकोनं घसा बसल्याचं नाटक केलं. आत्याबाईंनी तिला काढा करून पाजला आणि गुण येतोय की नाही हे बघायला मुक्काम वाढवला. शेवटी एकदा आम्हीच बॅगा भरून दारात उभे राहिलो. "जा जा, निवांत जाऊन या," पाहुणे म्हणाले, "घराची काळजी करू नका, आम्ही आहोत ना!" आम्ही एसटी स्टँडवर चहा घेतला आणि परत आलो.

उपाय सापडला तो योगायोगानं. आमचे चिरंजीव आठवीत. शाळा जो धडा दिवाळीनंतर काढते तो शिकवणीच्या बाई गणपतीतच उरकतात, त्यामुळे एकचल समीकरणं सुरू झालेली. एका रविवारी संध्याकाळी एक काका सोफ्यावर पाय पसरून "रात्री पिठलं-भाकरी चालेल आम्हाला, उगाच घाट घालू नका" असं औदार्य दाखवत होते. चिरंजीव वही घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले.

"काका, तुम्ही इंजिनिअर ना? एवढं एक सांगता?"

वहीत होतं:

(क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = ३

काकांनी वही घेतली. चष्मा काढला, पुसला, घातला. वही लांब धरली, मग जवळ धरली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अगं, सात वाजले की!" ते काकूंना म्हणाले. "आत्ता निघालो नाही तर खंबाटकीत अडकू."

दहा मिनिटांत गाडी फाटकाबाहेर. पिठलं आम्ही तिघांनी खाल्लं. त्या रात्री बायको बराच वेळ वहीकडे बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी तिनं वहीला नवीन कव्हर घातलं आणि ती दप्तरातून काढून टीव्हीच्या खाली, हाताशी येईल अशी ठेवली.

तेव्हापासून आमच्या घरात "वही आण रे" याचा अर्थ निराळा आहे. पाहुण्यानं "एखादा दिवस अजून राहावं म्हणतोय" असं म्हणायचा अवकाश, स्वयंपाकघरातून ती आज्ञा येते. या प्रयोगातून माणसाच्या स्वभावाबद्दल मला जे ज्ञान झालं ते दुसरीकडे कुठे झालं नसतं. पहिली गोष्ट म्हणजे, "मला येत नाही" हे तीन शब्द उच्चारणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे. येतं सगळ्यांनाच, फक्त आत्ता नको असतं. "आमच्या वेळी असं नव्हतं," असं एक जण म्हणाले. कसं होतं, विचारलं, तर म्हणाले, "सोपं होतं." दुसऱ्यांनी त्यागाची भूमिका घेतली: "मी क्षणात सोडवीन, पण तुझ्या बाईंची पद्धत वेगळी असेल. पोराचा गोंधळ व्हायला नको." तिसऱ्यांना पेन पाहिजे होतं. पेन दिलं तर पेन्सिल पाहिजे होती. पेन्सिल दिली तर तिला टोक नव्हतं आणि टोक काढता काढता ती संपली. आयटीतला एक भाचा म्हणाला, "मामा, मी याचा कोड लिहून पाठवतो." तो अजून यायचा आहे. एका वन्संनी तर मूळ मुद्द्यालाच हात घातला.

"हा क्ष म्हणजे काय? आंबे, का माणसं?"

"तेच शोधायचंय, आत्या."

"मग काय आहे ते माहीत नसताना त्यातून दोन वजा कशाला करता?"

चिरंजीवांना उत्तर देता आलं नाही. मलाही अजून देता आलेलं नाही. वन्सं मात्र रात्रीच्या गाडीनं गेल्या.

मी स्वतः या वेळी कुठे असतो, असं कोणी विचारील. मी गच्चीवर असतो. वही बाहेर आली की मला वाळत घातलेल्या कपड्यांची आठवण होते. साताऱ्याच्या पावसात गच्चीवर कपडे कोण वाळत घालतं, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही आणि ती कृपा मी जपून वापरतो.

वास्तविक मराठी माणूस अपूर्णांकाला भिणारा नव्हे. तो अपूर्णांकातच जगतो. आपले मुहूर्त साडेतीन. शक्तिपीठं साडेतीन: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धी. पेशवाईनं शहाणेसुद्धा साडेतीनच मोजले आणि नाना फडणिसांना त्यातलं अर्धं दिलं. देवापुढे सव्वा रुपया, एसटीत हाफ तिकीट, टपरीवर कटिंग, आणि एखादा फारच बोलायला लागला तर तो दीडशहाणा. बायको मंडईत "ऐंशीनं लावणार असाल तर पाऊण किलो द्या" म्हणते आणि भाजीवाल्याचा काटा स्थिर व्हायच्या आत साठ रुपये मोजून ठेवते. तिलाच मी घरी कागदावर ३/४ × ८० लिहून दाखवलं, तर ती म्हणाली, "हे तुमचं तुम्ही बघा. मला भाजी निवडायचीय."

दोष त्या आडव्या रेघेचा आहे. पाऊण म्हटलं की कळतं. तीन छेद चार म्हटलं की घशाला कोरड पडते. रेघेच्या वर क्ष नेऊन बसवला आणि त्याच्या शेजारी वजाचं चिन्ह ठेवलं की मग भलेभले खंबाटकी घाटाची चौकशी करायला लागतात.

पण कुठलाही उपाय कायमचा नसतो. एका शनिवारी धो धो पावसात तीन पाहुणे एकदम अडकले: मामा, साडू आणि पुण्याचे भावजी. पाऊस असा की खंबाटकीचं नाव काढायची सोय नव्हती. वही आली. आणि एकटा माणूस जे टाळतो ते तिघं मिळून करायला बसले, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचं चुकेल अशी खात्री होती.

मामा म्हणाले, "सोपं आहे. आधी छेद घालवा. दोन आणि तीनचा लसावि सहा. सहानं गुणा." त्यांनी डावीकडच्या दोन्ही अपूर्णांकांना सहानं गुणलं, छेद उडाले, आणि उत्तर आलं उणे चार.

"पण मामा, उजवीकडच्या तीनला गुणलं नाहीत."

"त्याला छेद कुठे आहे? ज्याला नाहीच त्याचा काय घालवणार?"

भावजींनी तीनलाही गुणलं, अठरा केले, आणि मामांकडे दयेनं पाहिलं. मग कंस सोडवला. कंसाबाहेर वजा होता. कंसात क्ष वजा दोन. बाहेरच्या वजानं आत शिरून दोघांचीही चिन्हं बदलायची असतात. भावजींनी क्षचं चिन्ह बदललं आणि दोनला तसंच सोडून दिलं. उत्तर आलं एकोणीस.

साडू बँकेतले. त्यांचा अपूर्णांकावर विश्वास नाही. त्यांनी मोबाइलवर एक तृतीयांशाचे ०.३३ केले, दोन तृतीयांशाचे ०.६६ केले, अर्ध्याचे ०.५ केले आणि शेवटी जाहीर केलं, "दहा पूर्णांक ब्याऐंशी शतांश. राउंड ऑफ केलं की अकरा."

पुस्तकाच्या मागच्या उत्तरसूचीत अकराच होतं.

"बँकेत असं राउंड ऑफ चालतं?" मामांनी विचारलं.

"बँकेत नाही चालत," साडू म्हणाले. "गणितात चालतं."

इथवर ठीक होतं. पण मामांना हार मान्य नव्हती. त्यांनी नियम सांगायला घेतला: "हे बघ बाळ, बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडून पलीकडे जो जातो त्याचं चिन्ह बदलतं. हे लक्षात ठेवलंस की सगळं आलं."

चिरंजीव म्हणाले, "पण आजोबा, बातम्यांत तर उलटं होतं. जे पलीकडे गेले त्यांच्याकडे जुनंच चिन्ह राहिलं. जे जागेवर राहिले त्यांचं बदललं."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग मामा आणि भावजी एकदम बोलायला लागले. भावजी मूळच्या बाजूचे, मामा पलीकडच्या बाजूचे, साडू दोन्ही बाजूंना सारखाच भाग देणारे. रात्री एकपर्यंत निवडणूक आयोग, न्यायालय, निष्ठा आणि आमच्याकडचा सगळा चिवडा यांचा निकाल लागला. तिघंही राहिले. रविवारीही राहिले, कारण वादात कोणीच मागे हटायला तयार नव्हतं.

त्या रविवारी मला लसावि समजला. शाळेत कळला नव्हता. मामांचा उपास होता. भावजी कांदा-लसूण खात नाहीत. साडूंना साखर आणि भात वर्ज्य. बायको स्वयंपाकघरात उभी राहून सगळ्यांना चालेल असा लहानात लहान पदार्थ शोधत होती. बटाटा साडूंपाशी अडला. थालीपीठ मामांपाशी अडलं. शेवटी एकाच पदार्थाला तिघांचाही निःशेष भाग गेला: ताक. लसावि सापडत नसेल तर सगळे छेद एकमेकांत गुणून टाकावेत, म्हणजे प्रत्येकाला वेगळा स्वयंपाक करावा, असंही गणितात चालतं. बायकोला ते चाललं नसतं.

ताकावर माणसं किती राहणार? सोमवारी पहाटे घर मोकळं झालं. आणि त्याच दुपारी अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मित्र. राहणार मेणवली, वाईजवळ, म्हणजे नाना फडणिसांच्या वाड्याच्या गावचे. वयानं ऐंशी ओलांडलेले. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून सगळी हयात गेली. दाताच्या डॉक्टरकडे दोन खेपा घालायच्या होत्या, म्हणून आले होते. कासच्या फुलांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दोन खेपांच्या मध्ये आठवडा होता, हे त्यांनी पिशवी खाली ठेवल्यावर सांगितलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी गच्चीकडे पाहिलं. "वही आण रे."

अण्णांनी वही घेतली. चष्मा लावला नाही. दातांत लवंग धरून ते पुटपुटले, "सहा कर. तीन क्ष अधिक तीन, वजा दोन क्ष, अधिक चार. वजाचा वजा अधिक, हे विसरू नको. बरोबर अठरा. क्ष अकरा. ताळा बघ: अकरा आणि एक बारा, निम्मे सहा. अकरातून दोन गेले नऊ, तिसरा हिस्सा तीन. सहातून तीन गेले, राहिले तीन. जमलं." मग पान उलटून म्हणाले, "पुढचं?"

पुढचं! हा शब्द त्या वहीनं आमच्या घरात पूर्वी ऐकला नव्हता. मी गच्चीच्या जिन्यात होतो तिथेच बसलो.

अण्णांनी दोन दिवसांत धडा संपवला. तिसऱ्या दिवशी ते स्वतः गणितं घालायला लागले. "एका शेताचा निम्मा हिस्सा थोरल्याला, तिसरा हिस्सा मधल्याला, राहिलेले दोन एकर धाकट्याला. शेत केवढं?" चिरंजीवांनी क्ष धरला, छेद घालवले, सहा क्ष, तीन क्ष, दोन क्ष असं पानभर लिहिलं आणि बारा एकर काढले. अण्णांनी तेच कागदाशिवाय केलं. "अख्खं शेत सोळा आणे. थोरल्याचे आठ आणे. मधल्याचे पाच आणे चार पै. उरले दोन आणे आठ पै, म्हणजे बत्तीस पै. रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव. भागिले बत्तीस, सहा. सहा दुणे बारा." १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पैची सद्दी संपली, ही बातमी अण्णांना कोणी सांगितली नसावी. सांगितली असली तरी त्यांनी ती दप्तरी दाखल करून घेतलेली नाही. जमिनीतला हिस्सा अजूनही ते आणेवारीतच मोजतात. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, एवढे पाढे त्यांना दात नसतानाही म्हणता येतात.

"अण्णा, बारा एकरांतून प्रत्येकाला प्रत्यक्षात किती मिळालं?" मी विचारलं.

"दावा चालू आहे," अण्णा म्हणाले. "माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी लागलेला."

त्यांच्या पिशवीत त्यांच्याच एका शेताचा उतारा होता. चिरंजीवांनी तो हातात घेतला. "सात छेद बारा! म्हणजे अण्णा, तुम्हाला शेताचा सात-बारांशच भाग मिळाला?" अण्णा इतके हसले की लवंग पडली. मग त्यांनी गाव नमुना सात, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, आणि गाव नमुना बारा, म्हणजे त्यात पीक काय, हे समजावून सांगितलं आणि मधली रेघ भागाकाराची नाही असा निर्वाळा दिला. पण जरा थांबून म्हणाले, "तसं म्हटलं तर भाऊबंदकीच्या आधी जेवढं होतं, त्याचा सात-बारांशच राहतो शेवटी."

याच सुमारास आणखी एक भाचेसून कासहून भिजून आली आणि फुलं दिसली नाहीत म्हणून हळहळायला लागली. अण्णांनी तिला बसवून घेतलं. "फुलं नाही दिसली? मी दाखवतो. भुंग्यांच्या एका थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या फुलांकडे. राहिला एक. तो केतकी आणि मालतीच्या मध्ये घुटमळतोय. एकूण भुंगे किती?" हे गणित भास्कराचार्यांचं, ११५० सालच्या लीलावतीतलं. भाचेसून "अय्या, किती छान!" म्हणाली आणि पुढच्या गाडीची वेळ बघायला लागली. उत्तर पंधरा. तीन, पाच, सहा आणि एक. मला स्वतःला या गणितातला तो शेवटचा भुंगा फार जवळचा वाटतो. बाकीचे चौदा पत्त्यावर पोचलेत आणि हा मध्येच, कुठे जावं ते न कळून. अपूर्णांकांत ज्याला हिस्सा मिळत नाही त्याच्याच आधारानं सगळं गणित सुटतं, हे मात्र कोणी त्याला सांगत नाही.

भास्कराचार्यांनी अशा गणितांसाठी जी युक्ती दिली आहे, तिला इष्टकर्म म्हणतात. ती ऐकल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. उत्तर माहीत नाही ना? मग कुठलीही सोयीची संख्या उत्तर म्हणून ठोकून द्यायची. तीन म्हणा. तिच्यावर सगळ्या क्रिया करून बघायच्या. उत्तर कमी-जास्त येईल, त्या प्रमाणात ती संख्या वाढवायची किंवा छाटायची. म्हणजे आधी थाप आणि मग तिची दुरुस्ती. आपल्याकडे रस्त्यांची अंदाजपत्रकं अजूनही याच पद्धतीनं करतात, फरक एवढाच की भास्कराचार्यांच्या पद्धतीत दुसऱ्या पायरीवर खरी रक्कम निघते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला देवळात शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढल्याची त्यात नोंद आहे. शिकवणीच्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी फी विचारली. मठाची फी मला कुठून माहीत असणार?

ही ठोकून द्यायची पद्धत भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. इजिप्तमधला अहमोस नावाचा लेखनिक इसवी सनापूर्वी सुमारे १५५० साली पपायरसवर लिहून गेलाय: एक राशी आणि तिचा सातवा हिस्सा मिळून एकोणीस, राशी कोणती? गड्यानं सात धरले. सात आणि एक आठ. पाहिजेत एकोणीस. मग एकोणिसाला आठानं भागून सातानं गुणलं आणि सोळा, वर एक द्वितीयांश, वर एक अष्टमांश असं उत्तर लिहून मोकळा झाला. पाच अष्टमांश त्याला सरळ लिहिता येत नव्हते. दोन तृतीयांश सोडला तर इजिप्तचे लोक वर एक असलेलेच अपूर्णांक वापरत. त्याच पपायरसात पुढे एक गणित आहे: राशी, तिचा दोन तृतीयांश, तिचा निम्मा आणि तिचा सातवा हिस्सा मिळून तेहेतीस. आपल्या रीतीनं याचं उत्तर १४ पूर्णांक २८ छेद ९७ येतं. सत्त्याण्णवच्या छेदाचं हे लचांड वर एक असलेल्या अपूर्णांकांच्या तुकड्यांत मांडताना त्या माणसावर काय प्रसंग आला असेल! ब्रिटिश म्युझियममध्ये ती गुंडाळी जपून ठेवली आहे. त्या काळी इजिप्तमध्ये पाहुणे घालवायला काय वापरत असावेत, याचा मला आता अंदाज येतो.

डायोफँटस तर मेल्यावरही गणित घालून गेला, अशी ग्रीक लोकांत कथा आहे. आयुष्याचा सहावा हिस्सा बालपण, बारावा हिस्सा मिसरूड फुटेपर्यंत, सातवा हिस्सा लग्नापर्यंत, मग पाच वर्षांनी मुलगा, मुलगा बापाच्या निम्मं आयुष्य जगला, त्यानंतर चार वर्षांनी बाप गेला. किती वर्षं जगला? अण्णांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "सहा, बारा, सात, दोन. लसावि चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन गेला." मी कागदावर करून बघायला बसलो. अख्खं समीकरण मांडलं, छेद घालवले, बाजू बदलल्या, चिन्हं बदलली आणि पानाच्या तळाशी चौऱ्याऐंशी आले. "लसावि म्हणजेच उत्तर असं नेहमी नसतं," अण्णा म्हणाले, "पण मेलेल्या माणसानं तेवढी सवलत दिली असणार."

अण्णांची दाताची दुसरी खेप झाली, तिसरीही झाली. बायको आता "वही आण रे" म्हणत नाही. अण्णाच म्हणतात.

शेवटी शिकवणीची चाचणी आली. चार गुणांचा प्रश्न नेमका छेदवाला होता. चिरंजीवांना साडेतीन मिळाले. उत्तर बरोबर, ताळा लिहिला नाही म्हणून अर्धा कापला. शिकवणीच्या पालकांत त्यावर मोठी चर्चा झाली. अर्धा गुण हा अर्धाच असतो, की गुणपत्रिकेत तो पूर्ण धरतात, यावर एका बाईंनी तीन वेळा फोन केला. त्यांच्या मुलाला सव्वादोन होते. मी हळूच अण्णांना म्हटलं, "अर्ध्यासाठी काय एवढं!"

"जावईबापू, चारांत साडेतीन म्हणजे चौदा आणे," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "आमच्या खात्यात कोणाचं चौदा आणे काम बरोबर निघालं तर आम्ही पेढे वाटायचो. आणा."

सातारा गाव आणि पेढे आणायचं निमित्त! मी भर पावसात जाऊन पाव किलो कंदी पेढे घेऊन आलो. डबा उघडला. मोजले. अकरा भरले.

"हिस्से पाडू," अण्णा म्हणाले. मोजणीदाराच्या डोळ्यांत चमक आली होती. "गुण ज्यानं मिळवले त्याला निम्मे. ज्या माउलीनं मला महिनाभर मऊ भात घातला तिला पाव. शिकवणाराला सहावा हिस्सा."

"अकराचे निम्मे साडेपाच," चिरंजीव म्हणाले. "मला पेढा कापलेला नकोय."

"मग कापायचा कशाला? शेजारून एक पेढा उसना आण."

शेजाऱ्यांकडे त्यांच्या नातीच्या बारशाचे पेढे होते. चिरंजीव एक घेऊन आले. डब्यात बारा झाले. अण्णांनी वाटप केलं: निम्मे सहा चिरंजीवांना, पाव म्हणजे तीन बायकोला, सहावा हिस्सा दोन स्वतःला. सहा आणि तीन नऊ, नऊ आणि दोन अकरा. डब्यात एक उरला.

"हा शेजाऱ्यांचा. परत करून या," अण्णा मला म्हणाले. "कोणाचं देणं ठेवू नये."

मी डब्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "आणि मला?"

"तुम्हाला?" अण्णा खरोखरच विचारात पडले. त्यांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला. निम्मा, पाव, सहावा; लसावि बारा; सहा, तीन, दोन. "तुमचं नाव समीकरणात कुठे होतं?"

"पेढे मी आणले, अण्णा!"

"ते उजव्या बाजूला आलं ना. अकरा. ताळा बघायचा असेल तर डबा रिकामा आहे."

बायको हसत होती. तिच्या हातात तिसरा पेढा होता. मी उरलेला एक उचलला आणि शेजारी गेलो. बेल वाजवली. आत टीव्ही जोरात लागला होता. पुन्हा वाजवली. बराच वेळ कोणी आलं नाही.

दार उघडलं तोवर माझ्या हातात तीन छेद चार पेढा उरला होता.